खंडेनवमीला बंद केलेला कम्प्युटर

गुरुजींच्या कम्प्युटरला दोन कुलपं होती. सकाळी बटण दाबलं की आधी काळा पडदा यायचा, त्यावर एकच ओळ. तिथे गुरुजी स्वतः येऊन पासवर्ड टाकायचे. तो डिस्कचा. मग जरा वेळाने रंगीत पडदा, त्यावर माझं नाव आणि नावाखाली दुसरी चौकट. तो पासवर्ड माझा. पहिलं कुलूप उघडल्याशिवाय दुसरं दिसायचंच नाही.

पहिला पासवर्ड लांबलचक होता, एखादं वाक्य असावं एवढा. गुरुजी दोन बोटांनी, चष्मा कपाळावर चढवून, एकेक अक्षर शोधत तो टाकायचे. तेवढा वेळ मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहायचे. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी आपसूक झालं, गुरुजींनी ते पाहून मान डोलावली, म्हणून मग रोजच. साडेतीन वर्षं मी त्या भिंतीवरचं कॅलेंडर पाठ केलं. आता वाटतं, एकदा तरी नजर चुकायला हवी होती.

मी नाशिकची नाही. माझं गाव किनवटकडचं, नांदेडच्याही पुढे, तेलंगणाच्या हद्दीजवळ. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला शेजारच्या गावात नाव घातलं होतं, पण आई बाळंतपणानंतर उठलीच नाही तीन महिने, आणि धाकटी दोघं माझ्या अंगावर आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेले नाही. कुणी ये म्हणालंही नाही. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा इथे कुणी "शिक्षण किती?" विचारलं की मी "तसं बरंच" म्हणायचे आणि विषय बदलायचे. नवरा पंचवटीच्या भाजी मार्केटात टेम्पो चालवतो. घरात बसून डोकं उठायचं, म्हणून टायपिंगचा क्लास लावला आणि एका झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरायच्या कामाला लागले.

गुरुजी तिथेच आले. पंचवटीतले जुने तीर्थपुरोहित. हातात फडक्यात गुंडाळलेली एक वही होती, तिचं एक पान झेरॉक्स करायचं होतं. पान इतकं जुनं की कडा बोटाला लागून झडत होत्या. मी ते दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये धरून काचेवर ठेवलं, तसंच उचललं. त्यांनी पैसे दिले, निघाले, पायरीवरून परत आले.

"बाई, मराठी टाइप येतं?"

"येतं. चुका होतात."

"कुठल्या?"

"ऱ्हस्व-दीर्घाच्या."

"त्या मी काढीन. उद्यापासून या." मग जाता जाता, "गाव कुठलं?"

"किनवट."

"अरे बापरे. तिथून इथे आलात म्हणजे वही पण शेवटपर्यंत नीट न्याल."

मार्कशीट त्यांनी कधीच मागितली नाही. मी मात्र पहिले दोन महिने रोज वाट बघत होते, आज मागतील, आज मागतील म्हणून. मला हे अजून सांगता येत नाही नीट. आपल्याला कुणी ओळखत नसताना एवढ्यावर काम देणारा माणूस भेटला, की त्याचं काही बिघडू नये याचीच काळजी आपल्याला चोवीस तास लागते.

काम असं होतं. गुरुजींच्या घरात पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. नाशिकला कुणी अस्थी घेऊन आला, श्राद्धाला आला, की त्याचं गाव, आडनाव, बापाचं, आजाचं नाव पुरोहित आपल्या वहीत लिहून घेतो आणि खाली त्याची सही. पन्नास वर्षांनी नातू आला की त्याला आजाची सही दाखवायची. अशा अकरा जाड वह्या. त्यांतल्या आठ मोडीत लिहिलेल्या, शाई उडालेली, प्रत्येक पुरोहिताचं वळण वेगळं. त्या घरात वाचू शकत होते फक्त गुरुजी. ते भिंग धरून वाचायचे, मी टाइप करायचे. नुसतं वाचायचे नाहीत. "हे दोघे भाऊ, पुढच्या पानावर भांडून वेगवेगळे आलेत, तिथे खूण कर." "हे गाव आता धरणात गेलंय, नवं नाव टाक." वहीत नसलेलं, वडिलांकडून ऐकलेलं पुष्कळ काही त्यांच्या तोंडून त्या कम्प्युटरात जात होतं.

काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, चहा घेऊन यायच्या आणि दारातूनच टोमणा मारायच्या. "आमच्या लग्नाची तारीख विचार त्यांना. सांगता येणार नाही. जालन्याच्या कुणाच्या पणज्याचं नाव विचार, झोपेत सांगतील."

"लग्नाची तारीख वहीत लिहिलेली नाही," गुरुजी भिंगातून मान न काढता म्हणायचे. मला ते 'किनवट' म्हणूनच हाक मारायचे. "किनवट, दीर्घ वेलांटीशी तुझं काही वैर आहे का गं?"

डिस्कचं कुलूप त्यांच्या मुलाने बसवलं होतं. मुलगा बंगळूरला, कम्प्युटरच्याच कामात. गुरुजींच्या गल्लीत एका घरातून लॅपटॉप चोरीला गेला, तेव्हा त्याने ते मनावर घेतलं. पुरोहिताच्या घरात नामावळी म्हणजे शेत-घरासारखीच, वाटणीत येणारी वस्तू. ती कुणाच्या हाती लागायला नको. पासवर्ड गुरुजींनीच ठरवला. मुलगा फोनवर म्हणाला होता, "मलाही सांगू नका बाबा. लिहून मात्र ठेवा कुठेतरी." गुरुजी हसले होते. "ज्याने तीनशे वर्षांची नावं पाठ केली त्याला एक ओळ लिहून ठेवायला सांगतोय."

दुसऱ्या कुलपाचा त्रास मला. गुरुजी एक ओळ लावत बसायचे, तेवढ्यात दहा मिनिटं व्हायची आणि पडदा काळा होऊन माझा पासवर्ड मागायचा. गुरुजींचं वाचून झालेलं असायचं, ते ओळ बोलायला लागायचे, आणि मी घाईत पासवर्ड चुकवायचे. एकदा, दोनदा.

"झोपलं का परत तुझं यंत्र?"

शेवटी त्यांनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"मग ऑटो लॉगिन लावून टाकू," मुलगा म्हणाला. "तुम्ही डिस्कचा पासवर्ड टाकलात की थेट आत. ताईंचा पासवर्ड विचारणारच नाही. मध्ये स्क्रीनही लॉक होणार नाही."

मी फोनजवळ वाकले. "म्हणजे कुणीही आत?"

"नाही ताई. डिस्क एनक्रिप्टेड आहे ना. मशीन बंद असलं की आतलं सगळं नुसता भुसा. चोराने नेलं तरी त्याच्या हाती डबाच. खरं कुलूप ते पहिलं. दुसरं आपलं असंच, दाराच्या आतली कडी."

"आणि चालू असताना?"

"चालू असताना तुम्ही आहात की समोर."

त्याच्यासाठी ते साधं वाक्य होतं. मी ते घरी नेलं, नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "बरं, भाजी वाढ."

त्या दिवसापासून मी त्या खोलीतून उठेनाशी झाले. पाणी प्यायला जायचं तरी काकूंना दारात उभं करायचे. यजमान मंडळी आली की पडद्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकायचे. काकू म्हणायच्या, "नव्या नवरीसारखा झाकून ठेवतेस गं त्याला." मला भीती होती ती उघड्या कम्प्युटरची. कुणी बघेल, कुणी काही पुसेल, माझ्यावर येईल. बंद कम्प्युटरची भीती बाळगायची असते, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

मागच्या वर्षी पितृपंधरवडा लागला तेव्हा गुरुजी म्हणाले, "मी पहाटेच रामकुंडावर जाणार. तू आलीस की तुला उघडून कोण देणार? पंधरा दिवस राहू दे चालूच." घरात इन्व्हर्टर होता, लाइट गेली तरी कम्प्युटर चालू राहायचा. मी रोज यायचे, माउस हलवायचे, समोर सगळं उघडं. काळा पडदा नाही, ओळ नाही, भिंतीकडे बघणं नाही. माणसाला सवय किती लवकर लागते बघा. पंधरा दिवसांत पहिलं कुलूप माझ्या मनातून गेलं. हा कम्प्युटर असाच, हात लावला की उघडतो.

सर्वपित्री अमावास्येला गुरुजी संध्याकाळी आले ते भिंतीला टेकूनच बसले. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर खालच्या वाण्याने सांगितलं, "वर नका जाऊ, कुणी नाही. गुरुजींना दवाखान्यात नेलं." चहाचा कप हातातून पडला होता आणि ते कप बघत बसले होते, बोलत नव्हते. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, जीवाचा धोका टळलाय, बाकीचं हळूहळू बघू.

मुलगा विमानाने आला. दवाखाना, औषधं, तपासण्या, यात त्याला घराकडे बघायला सवड नव्हती. मला काकूंनी किल्ली दिली. "तू येत जा गं. खोली उघडी राहिली की यांना बरं वाटेल." मी येत राहिले. गुरुजी नसताना मोडी पान पुढे सरकणार नव्हतं, म्हणून मी झालेली पानं तपासत बसले. सात वह्या पुऱ्या झाल्या होत्या. वेलांट्या नीट करत होते. परत आल्यावर चूक दिसायला नको. सात दिवस. सात दिवस तो कम्प्युटर माझ्यासमोर सताड उघडा होता, खालच्या मोबाइलच्या दुकानात पेनड्राइव्ह टांगलेले होते, आणि मी वेलांट्या नीट करत होते.

अष्टमीला काकू घरी कपडे घ्यायला आल्या. डोळ्यांखाली काळं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "उद्या खंडेनवमी. यांनी एक वर्ष चुकवलं नाही. मी दवाखान्यात असेन. तू करशील?"

"करीन काकू."

"वह्या, बोरू, ते तुझं मशीन. सगळं पुसून ठेव. उद्या कशाला हात लावायचा नाही कामाचा."

आमच्याकडे गावालाही हे असतंच. नवमीला विळा, कुऱ्हाड, शिवणयंत्र, जे काही पोट भरतं ते धुऊन, पुसून, पाटावर मांडायचं. त्या दिवशी त्याने काम करायचं नाही, विश्रांती घ्यायची. दरवर्षी गुरुजी स्वतः कम्प्युटर बंद करायचे, पूजा करायचे आणि दसऱ्याला उघडून मुहूर्ताची एक ओळ टाइप करायला लावायचे. मी त्यांनी केलं तसंच करायचं ठरवलं. एकही गोष्ट चुकवायची नाही.

नवऱ्याने मार्केटातून झेंडू आणून दिला होता. मी फरशी पुसली, रांगोळी काढली. कपाटातल्या वह्या एकेक करून पाटावर मांडल्या, गुरुजींच्या आजोबांचा बोरू त्यांच्यावर ठेवला. मग कम्प्युटर. कीबोर्डमधली धूळ जुन्या ब्रशने काढली. हळद कालवली आणि बोट बुडवून थांबले. ओलं बोट चालू मशीनला कसं लावायचं? शॉक बसेल, काही जळेल, गुरुजी दवाखान्यात आणि माझ्या हातून मशीन गेलं असं व्हायला नको. बोट पुसलं. माउस धरला. बंद करा. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. पंखा थांबला. तीन आठवड्यांनी ती खोली गप्प झाली, आणि मला बरं वाटलं, कबूल करते. मी भिंतीवरचं बटणही बंद केलं. प्लगसुद्धा काढला. मग हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, मोबाइलवर फोटो काढून काकूंना पाठवला. काकूंनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून आले. फूल उतरवलं, प्लग लावला, बटण दाबलं.

काळा पडदा. एक ओळ.

मी आधी माझाच जुना पासवर्ड टाकला. नाही म्हणाला. परत टाकला, सावकाश. नाही. तिसऱ्यांदा टाकताना मला बाजूच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, आणि मी कुठे उभी राहायचे ते आठवलं. मी खालीच बसले, रांगोळीवर.

मुलाला फोन लावला. तो दवाखान्यात होता, मागे कुणाचं तरी नाव पुकारत होते.

"दादा, कम्प्युटर उघडत नाही. पहिला पासवर्ड मागतोय."

"का मागतोय? चालू होता ना?"

"मी बंद केला. काल. पूजेला."

मला वाटलं फोन कट झाला.

"दादा?"

"बंद केलात." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं. "ताई, तो बाबांशिवाय कुणालाच माहीत नाही."

"तुम्हाला?"

"मीच म्हटलं होतं, मला सांगू नका."

नंतर त्याने मला कितीदा तरी सांगितलं की चूक त्याची आहे. आल्या दिवशीच कॉपी घ्यायला हवी होती, मशीन चालू होतं, दहा मिनिटांचं काम. दोन उन्हाळ्यांपूर्वीची एक कॉपी त्याच्याकडे होती, तीत पहिल्या दोन वह्या निघाल्या. बाकीच्या पाच वह्यांचं वाचन त्या डब्यात. "मला सुचायला हवं होतं," तो म्हणायचा. त्याने असं म्हटलं की मला जास्त लागायचं. डबा बंद करणारा हात माझा.

काकूंना मी स्वतः सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यात. त्यांना आधी कळलंच नाही.

"अगं पण वह्या आहेत ना कपाटात? वह्यांना काय झालं?"

"वह्या आहेत काकू. वाचणार कोण?"

मग कळलं. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मीच सांगितलं ना तुला पूजा कर म्हणून." आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी मला घरी जायचं धाडस होईना. गावाला आईला फोन केला. "काय करूलालीस माय?" तिने नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सोनं वाटलं, आपट्याची पानं. कम्प्युटरचं तिला कसं सांगणार?

गुरुजींना घरी आणलं तेव्हा त्यांना एकच शब्द यायला लागला होता. 'पाणी'. चहा हवा असला तरी पाणी, कूस बदलायची असली तरी पाणी, मुलाला हाक मारायची तरी पाणी. काकू तांब्या आणायच्या, ते डावा हात झटकायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, डोक्यात सगळं असतं, वाट सापडत नाही. ऐकलेलं त्यांना कळतं बऱ्यापैकी.

मुलाने कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. पडदा समोर. "बाबा, पासवर्ड. डिस्कचा." गुरुजींना पडदा ओळखीचा वाटला, ते नक्की. चेहरा जरा उजळला. डावं बोट वर आलं, कीबोर्डवर फिरलं, एक अक्षर दाबलं. मग दुसरं. मग तेच अक्षर चार वेळा. थांबले. मी पायाशी उभी होते, आणि त्यातही माझं तोंड भिंतीकडे वळलं होतं. काकूच म्हणाल्या, "बघ की आता! आता कसली लाज?"

मी बघितलं. बोट हवेत होतं. गुरुजींनी आमच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलाने कीबोर्ड उचलला. तसं पाच-सहा दिवस चाललं. रोज सकाळी, ताजेतवाने असताना. रोज दोन-तीन अक्षरं, रोज वेगळी. मुलाने आपल्या अंदाजाने पुष्कळ टाकून पाहिलं: स्तोत्रांच्या ओळी, गोत्र, कुलदैवत, काकूंचं माहेरचं नाव. काकू म्हणाल्या, "माझं नाव नसणार." तेही टाकलं. नव्हतं.

मुलाने मला विचारलं, तुम्ही साडेतीन वर्षं तिथे उभ्या होतात, काहीच आठवत नाही? आवाज आठवतो. टक, टक, टक, मध्ये एक थांबा, मग पुन्हा. पण आवाजाचं अक्षर कसं करायचं? शहरातल्या एका जाणत्या माणसाकडे मुलगा डिस्क घेऊन गेला. मी बरोबर गेले. त्याने हातही लावला नाही. म्हणाला, "हे उघडत नाही. मी उघडू शकलो असतो तर तुम्ही लावलं कशाला असतं?" खरंच होतं ते. चोरापासून जे काही करायचं ते सगळं व्यवस्थित केलेलं होतं.

मुलगा परत जायच्या आदल्या दिवशी मी काकूंना म्हटलं, मी उद्यापासून येत नाही. नीट पाठ केलेलं वाक्य होतं, तरी मध्येच फाटलं. काकू भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

"मग कुठे जाशील? किनवटला?"

"झेरॉक्सच्या दुकानात."

"तिथे दुसरी आली. मी विचारून आले." आणि मेथीची जुडी माझ्याकडे ढकलली. "देठ काढ. बारीक नको."

त्या दुकानात का गेल्या असतील, काय विचारलं असेल, मी कधी विचारलं नाही. मी देठ काढत बसले. आजही त्या घरात जायला मिळतं म्हणून मी पायरीला हात लावते.

मुलाने नवा कम्प्युटर लावून दिला. जुनी डिस्क काढून, लाल फडक्यात बांधून, काकूंनी वह्यांच्याच कपाटात ठेवली. नव्यालाही दोन कुलपं आहेत, आणि दुसरं पुन्हा आपोआपच उघडतं. मी नको म्हटलं होतं. मुलगा म्हणाला, "ताई, त्यात चूक नव्हती. चूक एकाच माणसाला माहीत असण्याची होती." आता पहिला पासवर्ड चार ठिकाणी आहे: त्याच्याकडे, काकूंकडे, बँकेच्या लॉकरात पाकिटात, आणि माझ्या डोक्यात. रस्ता ओलांडताना मी तो म्हणते. भाकरी थापताना म्हणते. रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर कॉपी घेते, आणि घेतली की नाही हे बघायला जिन्यातून परत वर येते.

मोडी शिकायला मी फेब्रुवारीपासून जाते. वर्गात सगळे निवृत्त साहेब, प्राध्यापिका, एक वकील. पहिल्या दिवशी प्रत्येकाने शिक्षण सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सातवी पास." यावेळी विषय बदलला नाही. छापील धडे मला जमायला लागलेत. पण नामावळीतलं वळण वेगळंच, एका ओळीला कधीकधी अख्खी सकाळ जाते. गुरुजी शेजारी खुर्चीत असतात. मी वाचून दाखवते. बरोबर असलं तरी "पाणी", चुकलं तरी "पाणी". चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करते. दमतात फार. सात महिन्यांत आठ पानं.

परवा भोकरदनकडून दोघे भाऊ आले, आईच्या अस्थी घेऊन. क्रियाकर्म दुसऱ्या गुरुजींनी केलं आणि त्यांना आमच्याकडे पाठवलं. थोरला म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी आमचे चुलते आले होते. तुम्ही कम्प्युटरवर लगेच काढून दिलं म्हणे आमच्या खापरपणजोबांचं नाव. त्यांनी लिहून नाही आणलं. तेवढं बघता का?"

चुलते मला आठवत होते. पांढरी टोपी, रडले होते. नाव मीच टाइप केलेलं, मीच मोठ्याने वाचलेलं. गावही आठवत होतं. नाव आठवेना.

"आता कम्प्युटरवर नाही," मी म्हटलं. "होतं."

धाकटा हसला. "उडालं का? आमच्या ग्रामपंचायतीचं पण असंच."

मी काही बोलायच्या आत गुरुजींनी डावा हात कपाटाकडे केला. मी एकेक वही दाखवत गेले. पाचवीला त्यांनी मान हलवली. वही मांडीवर घेतली आणि पानं उलटायला लागले, अंगठ्याने, एकेक. अर्धा तास तरी गेला. भावांची गाडीची वेळ होत होती, पण उठले नाहीत. काकूंनी चहा आणला, तो थंड झाला. मग एका पानाच्या मधोमध गुरुजींचं बोट थांबलं, आणि त्यांनी मोठ्याने, अगदी स्पष्ट म्हटलं, "पाणी."

काकू उठायला लागल्या. गुरुजींनी बोट ओळीवर आपटलं. पाणी नको होतं.

दोघे भाऊ वाकले, मीही वाकले. ओळ फिकट होती. गावाचं नाव मला लागलं, कारण ते माहीत होतं. मधला 'बिन' लागला. अमक्याचा मुलगा तमका, असं लिहिताना मध्ये घालतात तो शब्द, प्रत्येक ओळीत असतो. त्याच्या अलीकडचं नाव आणि पलीकडचं नाव, दोन्ही नुसत्या रेघा. मी भिंग घेतलं, कागद तिरपा केला. गुरुजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय लिहिलंय?" थोरल्याने विचारलं.

"बापाचं नाव आहे आणि मुलाचं नाव आहे. मला अजून वाचता येत नाही."

थोरल्याने मोबाइल काढून ओळीचा फोटो घेतला, गुरुजींचं बोट त्यात आलं तसंच. दोघांनी त्या ओळीला हात लावून नमस्कार केला, आईचं नाव नव्या पानावर लिहिलं, सह्या केल्या आणि बससाठी पळाले.

मी नव्या कम्प्युटरमध्ये वहीचा क्रमांक टाकला, पानाचा टाकला, गाव टाकलं. नावाची जागा मोकळी ठेवली. गुरुजींचं बोट अजून ओळीवरच होतं. मी भिंग परत उचललं.